तुरीचं खुंट आणि माझं लग्न

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच हंगामात मी तुरीच्या खुंटावर बसलो. पहिल्या गोष्टीकडं आमच्या गावात कोणी ढुंकून पाहिलं नाही. दुसरीची चर्चा मुकुटबनच्या बाजारापर्यंत गेली.

तूर कापली की तिचं तिरपं टोक जमिनीत राहतं, सुरीसारखं. सकाळी टमरेल घेऊन वावरात गेलतो. समोरून कुत्रं आलं म्हणून जरा मागं सरकलो आणि... जाऊ द्या. माणूस ज्यावर बसतो, नेमकं तिथंच शिरलं. बोंबलत घरी आलो.

दवाखान्यातल्या कंपाउंडरनं जखम धुतली, पांढरी पूड टाकली, पट्टी बांधली आणि म्हणाला, "झाकून ठेव, कोणाले हात लावू देऊ नको, चांगलं खा, पालथा झोप." आता यात न समजण्यासारखं काय होतं? पण आमच्या घरात सरळ गोष्ट कोणाला पचत नाही. आईनं वरण बंद केलं, वरणानं म्हणे पू होतो. अंडं उष्ण, भात वाईट, वांग्याचं तर नावच काढायचं नाही. उरली भाकर आणि मीठ. जखम भरायला अंगात काही लागतं की नाही? माझ्या अंगात नुसता राग उरला.

त्याहून खरी वैरीण म्हणजे विचारपूस. आमच्याकडं दुखणं विचारायला आलेला माणूस दुखणं पाहिल्याशिवाय उठत नाही. बैलाचा खांदा सुजला तरी पाहून जातात, मी तर माणूस. दाखवलं नाही तर, "आमी का परके हाओ?" मग आई म्हणायची, "दाखव बाप्पा, लांबून आले ते." की धोतर सरकव, पट्टी सोड. आलेला माणूस वाकणार, च्‌ च्‌ करणार, बोटानं दाबणार, आधीच्याचं औषध पुसून आपलं लावणार. काकानं चुना भरला. मावशीच्या नवऱ्यानं तोंडातली तंबाखू काढून तीच थापली, वर म्हणतो, "ताजी हाय." शेजारच्या काकूंनी कोळ्याचं जाळं लावलं, तेही मान फिरवून. "म्या काही पाह्यलं नाही व माय," असं त्यांनी विहिरीवर सगळ्यांना सांगितलं, आणि जखम केवढी आहे तेही सांगितलं.

जखम काही भरेना. इकडं वैशाखात माझं लग्न ठरलेलं. पोरगी पाहायला गेलतो तेव्हा माझ्या मिशीला पोहे चिकटले होते. तिनं मान वर करून सरळ पाहिलं आणि फिसकन हसली. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आता तिच्या गावात बोभाटा झाला, नवरदेवाची जखम भरत नाही, अंगातच खोट असंल. पाटावर बसता येत नाही त्याला पोरगी कशी द्यावी?

शेवटी तिचा बाप स्वतः आला. चहा घेतला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "हं, पाहू द्या."

माझं टाळकंच सरकलं. दोन्ही हातांनी धोतर धरलं. "नाही दाखवत! जखम हाय का जत्रा? लग्न मोडाचं तं मोडा, पन आता कोनाच्या बापाले दाखवत नाही!"

आणि तो तर तिचाच बाप! आईनं कपाळावर हात मारला. पाहुणा चप्पल घालून तडक निघाला. मी उशीत तोंड खुपसून ढसाढसा रडलो. गेली पोरगी हातची, दुसरं काय!

पण एक झालं. सोयऱ्याला हाकलणाऱ्या पोराकडं गावातलं कुत्रंही फिरकेना. पट्टी जागेवर राहिली. आईचाही धीर खचला, म्हणाली, "खा बाप्पा, काय खाचं ते खा." मी वरण ओरपलं, अंडी हाणली. आणि हरामखोर जखम गुपचूप भरत आली!

मग तिकडून निरोप आला, मुहूर्त तोच. झालं काय होतं, तर बाप घरी जाऊन तणतणला, तेव्हा ती आतून म्हणाली, "निदान लाज तं हाय त्याले. मले चालते."

लग्नात मी पाटावर बसलो. जरा तिरपा, पण बसलो. परत निघताना छकड्यात तिनं आपल्या वाकळीची घडी गुपचूप माझ्याकडं सरकवली. मी त्या घडीवर टेकलो. बैल चालू लागले, तेव्हा पदराआडून हळूच आवाज आला, "मले तं दाखवसान ना?"

साऱ्या गावापुढं धोतर सरकवलेला मी, कानापर्यंत लाल झालो. छकडा हाकणारा माझा काका मागं वळून म्हणाला, "काहून बे, पुन्हा दुखून राह्यलं का? थांब, पाहू दे."

"तुमी पुढं पाहा," ती म्हणाली.