त्याची मोडकीतोडकी मराठी
मुलासाठी आणलेल्या गेमचं वेष्टण काढताना नव्या प्लास्टिकचा वास आला आणि लंडनमधला तो गेमिंग शो आठवला. तेव्हा मी मँचेस्टरला शिकायला नवीनच आले होते. लंडनच्या पिनर उपनगरात, मराठी घरात वाढलेला माझा वर्गमित्र मला तिथे घेऊन गेला. त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीइतकं आपलं असं मला त्या देशात काहीच नव्हतं. हॉलभर गेमच्या स्क्रीनचा निळा उजेड आणि खोट्या गोळीबाराचा धडधडाट होता. त्याचे ऑनलाइन मित्र त्याला पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटले. मी विचारलं, "अरे, जेवायचं कधी?" त्यांच्यासमोर तो ओशाळला. "इन इंग्लिश, प्लीज," म्हणाला. दिवसभर मी त्यांच्या बॅगांपाशी बसून राहिले. परतीच्या ट्रेनमध्ये त्याने हळूच विचारलं, "तू दमला काय?" मी म्हणाले, "आय ॲम फाइन." अजूनही त्याचा फोन येतो, आम्ही इंग्रजीतच बोलतो.