रहीम मिस्त्रींचा कान

इंजिनाचं काय करायचं, हे ठरवायला रहीम मिस्त्रींना कधी यंत्र लागलं नाही. त्यांच्या विश्रांतवाडीच्या गॅरेजात गाडी आदल्या संध्याकाळी सोडायची, म्हणजे सकाळपर्यंत इंजिन पुरतं थंड होतं. सकाळी ते गाडी चालू करायला सांगत, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावत, मूठ कानाला, आणि डोळे मिटून उभे राहत. तेवढा वेळ गॅरेजात कोणी बोलायचं नाही. मग एकच वाक्य यायचं. चाळीस वर्षांत त्यावर कोणी अपील केलं नव्हतं, आमच्या बाबांनी तर नाहीच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस एरवी डॉक्टरचंही ऐकत नाही.

या नोव्हेंबरात आमच्या फियाटचं इंजिन खालून ठकठक ठोकायला लागलं. अडुसष्टचं मॉडेल, आमच्या घराण्यातली पहिली गाडी. दर पंचवीस डिसेंबरला, बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली त्या दिवशी, बाबा ती स्वतः चालवत आम्हाला देहूरोडच्या बुद्धविहारात नेतात. मिस्त्रींचा मुलगा फैझल सरळ म्हणाला, हे इंजिन संपलं. दुसऱ्या गाडीतून काढलेलं बरं इंजिन बसवू, आरटीओत इंजिनाचा नंबर बदलून घेऊ. बाबांचा चेहरा पडला. मिस्त्रींनी कान लावला आणि निकाल दिला, क्रँक, म्हणजे खालचा फिरता दांडा, ठणठणीत आहे, तो खोलायचाच नाही. वरचं काम करून हेच इंजिन पुन्हा बांधायचं.

त्याच वेळी मिस्त्रींच्या पाठीमागे एक टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मिस्त्री हलले नाहीत. शेवटी फैझलने त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बाबा खूश होते, आणि सत्तरीच्या कारागिराला 'ऐकू येतं का' असं विचारायचं कसं? माझ्यासारख्या फटकळ बाईने नेमकी तिथेच भीड पाळली, याचा मला अजून राग येतो.

नंतर एकदा फैझल मला गॅरेजबाहेर म्हणाला की खालचा रॉड सुटला तर इंजिन चालत्या गाडीत जागेवर धरतं, पार जाम होतं. हायवेवर मागे ट्रक असला तर काय, हे त्याने सांगितलं नाही. मग अब्बांना सांग ना, म्हटलं तर म्हणाला, तुम्हीच सांगा. दोघांनीही सांगितलं नाही. तारीख जवळ येत गेली.

चोवीसला सकाळी गाडी तयार झाली. चालू केली आणि मला स्वच्छ ऐकू आलं. खालून ठक, ठक, ठक. फैझल जमिनीकडे बघत राहिला. मिस्त्री डोळे मिटून हसत होते.

"लोण्यासारखं चालतंय, साहेब."

एकोणऐंशी वर्षांच्या बाबांनी मान डोलावली आणि दार उघडायला हात घातला.

"मिस्त्री, ठोकतंय," मी म्हणाले.

त्यांना ते ऐकू गेलं नाही. मला त्यांच्या कानाशी जाऊन, सगळ्या गॅरेजला कळेल एवढ्या मोठ्याने पुन्हा म्हणावं लागलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फैझलकडे. फैझलने होकारार्थी मान हलवली. मिस्त्रींनी आत हात घालून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं.

"कधीपासून?" त्यांनी मुलाला विचारलं.

फैझलने दोन बोटं दाखवली. दोन वर्षं.

बाबांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, दुसरं इंजिन बसवा. उद्या आम्ही बसने जाऊ. मला हायसं वाटलं, आणि मी मिस्त्रींसाठी स्टूल ओढलं. ते बसले नाहीत. ओठ हलत होते. मला वाटलं, दुवा मागतायत. जवळ जाऊन काय झालं म्हणून विचारलं.

"दोन वर्षांत नुसतं ऐकून मी किती गाड्या ठीक म्हणून सोडल्या, ते आठवतोय, हिराताई," ते म्हणाले. "फैझल, ती शाळेची व्हॅन कोणाची होती रे?"

फैझलला आठवेना.