कमरेची शिवण

दादाचं पोट नेमकं कधी सुटलं हे आमच्या घरात कुणालाच सांगता येणार नाही, कारण तो शिंपी. बाकीच्यांना पँट सांगते. बटण लागेना झालं की माणूस निदान एकदा तरी आरशासमोर उभा राहून दचकतो. आमच्या दादाची पँट घट्ट झाली की तो दुकानात उभ्या उभ्या कमरेची शिवण उसवायचा, आत ठेवलेलं जादा कापड बाहेर घ्यायचा आणि चहा येईपर्यंत मोकळा. अशी वीस वर्षं गेली. आतलं कापड संपलं तेव्हा त्याने मागे एक पट्टी जोडली आणि शर्ट बाहेर सोडायला लागला. "गिऱ्हाइकाला शिंप्याचं पोट दिसता कामा नये, हात दिसला पाहिजे," हे वर तत्त्वज्ञान.

मी त्याची धाकटी बहीण. चाळिशी उलटली तरी तो मला 'बारके' म्हणतो. लग्नाच्या भानगडीत मी पडले नाही. एका शाळेच्या ऑफिसात टायपिंग करायचे आणि दादा-वहिनींकडेच राहायचे. माझ्या जिभेला हाड नाही असं वहिनी म्हणतात, ते काही खोटं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्यांनी मान टाकली. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर जायचं, हातात दोन जाड सुया टोचून घ्यायच्या आणि मशीन रक्त धुऊन परत देईपर्यंत खुर्चीत पडून राहायचं. पाणी प्यायचं तेही मापाने. फारच तहान लागली तर बर्फाचा खडा चघळायचा. सवय होते, माणसाला कशाचीही होते. पण माझ्या हातातल्या शिरा दगा द्यायला लागल्या, तशा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरातलं कुणी किडनी देणारं असेल तर आता बघा. फार दिवस काढू नका."

घरात होतं कोण? आईवडील केव्हाच गेले. वहिनींचं रक्त जुळेना. दादाचं मात्र सगळं जुळलं. "एकाच ताग्यातलं कापड, जुळणार नाही तर काय," तो म्हणाला, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना शीळ घालत होता.

दुसऱ्या भेटीत शीळ बंद झाली. डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर उभं केलं आणि काट्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"किडन्या चांगल्या आहेत मास्तर. पण एवढं वजन असलेल्या माणसाला मी टेबलावर घेणार नाही. उद्या एकच किडनी उरणार, तिच्यावर हा सगळा भार टाकायचा? वीसेक किलो उतरवा आणि या. काही औषधं चालू आहेत?"

"छे. मी औषधाला शिवतसुद्धा नाही," दादा छाती काढून म्हणाला.

"छान. मला विचारल्याशिवाय कसलंही औषध घ्यायचं नाही."

"घेत नाहीच," दादा म्हणाला. आणि तो खरं बोलत होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

पन्नाशीला टेकलेला माणूस. सकाळी मशीनवर बसला की जेवायला उठायचा आणि जेवून परत बसायचा. चालणं म्हणजे घर ते दुकान, मधे दोन गल्ल्या. चहात साखर तीन चमचे आणि बरोबर बिस्किटाचा पुडा, अर्धा नाही, पुरा. वहिनींनी त्या दिवशी घरातली साखर एका डब्यात भरून शेजारणीकडे ठेवायला दिली. दादा दोन दिवस फिका चहा प्यायला आणि तिसऱ्या दिवशी शेजारणीकडे सहज म्हणून चौकशीला गेला. असा हा गडी माझ्यासाठी वीस किलो उतरवणार होता.

मग त्याला मॅडम भेटल्या. टायरच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून एक खोली. चार यंत्रं, एक आरसा, रबराचा वास. या मॅडम एके काळी वजन उचलण्याच्या स्पर्धांत उतरायच्या. आता एका वेळी एकाच माणसाला शिकवायच्या, घोळक्यात नाही. फी घेतली नाही. "माझे कपडे तुम्ही नीट करा, तुम्हाला मी नीट करते," म्हणाल्या. खांदे रुंद आणि कंबर बारीक, त्यामुळे त्यांना बाजारातला एक कपडा धड बसत नसे. दादाने त्यांना नुसतं बघून सांगितलं, "तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे." त्या म्हणाल्या, "तुमचं पोट अर्धा फूट पुढे आहे." तिथे दोघांचं जमलं. तो त्यांना मॅडम म्हणायचा, त्या त्याला मास्तर, आणि दोघांत विद्यार्थी कोण हे टायरवाल्यालाही कळेना.

पहिल्या दिवशी मॅडमनी त्याला खुर्चीत बसल्यासारखं खाली बसवलं, खुर्चीशिवाय. खाली गेला तो गेलाच. त्यांनी दोन्ही हात धरून वर ओढला. घरी येऊन तो पलंगावर आडवा झाला आणि म्हणाला, "बारके, तुझी किडनी फार महाग आहे." मी म्हटलं, "माझी नाही, तुझी आहे. अजून दिली कुठेस?" वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. घरात हसणं ऐकून बरेच दिवस झाले होते.

पण तो टिकला. मला वाटलं होतं आरंभशूर आहे, आठ दिवसांत गळेल. नाही गळला. दर महिन्याला काट्यापेक्षा त्याचा भरवसा पँटीवर. तीच जुनी पट्टी जोडलेली पँट. आधी पट्टी काढली. मग कमरेची शिवण एकेक बोट आत घ्यायला लागला. जुनी शिवण उसवली की टाक्यांची भोकं तशीच राहतात, ती तो मुद्दाम राहू द्यायचा. मी मशीनला जोडलेली असताना खुर्चीशेजारी यायचा आणि कंबर उलटी करून दाखवायचा. "ही बघ, इथे होतो. आता इथे आलोय." आजूबाजूच्या खुर्च्यांतले पेशंटही माना वळवून बघायचे. तो अख्खा वॉर्ड दादाच्या पोटावर डोळा ठेवून होता. नवी पँट ऑपरेशन झाल्यावरच शिवणार, असं त्याने जाहीर केलं होतं. त्यासाठी राखाडी रंगाचं कापडही फाडून आणलं.

मला ते बघवायचं नाही, हे सांगूनच टाकते. त्याने जिवाचं रान करायचं आणि मी खुर्चीत पडून बघायचं, ह्याच्याइतकं लाचार काही नसतं. मी चिडायचे. "नको मला तुझी किडनी. खा बिस्किटं, मर सुखाने." तो म्हणायचा, "आधी तुझं होऊ दे, मग मरायचं बघू."

एकदा तो व्यायामाहून थेट दवाखान्यात आला आणि माझ्यासमोर बाटलीतलं पाणी घटाघट प्यायला. माझ्या तोंडात बर्फाचा खडा होता. त्याचं लक्ष गेलं आणि बाटली खाली आली. त्यानंतर माझ्यासमोर तो कधी पाणी प्यायला नाही. हळूहळू माझ्यामागेही कमी केलं असावं. मॅडम ओरडायच्या, "मास्तर, पाणी प्या, एवढा घाम गाळता." हा म्हणायचा, "प्यायलो की."

मधे त्याचे गुडघे कुरकुरायला लागले. जिना आडवा होऊन उतरायचा, एक पाय, मग दुसरा. मॅडम रोज विचारायच्या, "कुठे दुखतंय?" आणि नंतर एके दिवशी आम्ही पाहिलं तर सरळ उतरतोय, कठड्याला हात न लावता. वहिनी म्हणाल्या, "बघा, वजन उतरलं की गुडघे आपोआप बरे होतात." मॅडमनाही तसंच वाटलं. त्यांनी व्यायाम वाढवला. सगळ्यांना आनंद झाला. मलासुद्धा झाला, मी कशाला खोटं बोलू. त्या दिवसांत मी पहिल्यांदा, मनातल्या मनात, नंतरचे बेत करायला लागले. एक अख्खा तांब्या पाणी, एका दमात. एवढाच माझा बेत.

वीस उतरले, वर एक. डॉक्टरीणबाईंनी काटा बघून टाळी वाजवली आणि परत सगळ्या तपासण्या करायला पाठवलं. आठ दिवसांनी आम्हा तिघांना बोलावलं. दादा केस कापून गेला होता.

त्या कागद पुढेमागे करत होत्या. मग म्हणाल्या, "मास्तर, किडनीचे आकडे बिघडलेत. लघवीतून प्रोटीन जातंय. आम्ही दोनदा तपासलं."

"वजन तर उतरलंय," दादा म्हणाला.

"वजनाचं नाही. पाणी नीट पिता का?"

दादाने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघितलं.

"औषध कुठलं घेता?"

"नाही हो. मागेच सांगितलं ना."

"अंगदुखीच्या, डोकेदुखीच्या गोळ्या?"

"ती होय?" दादाचा चेहरा एकदम मोकळा झाला. आपल्यावरचं बालंट टळलं असं त्याला वाटलं. त्याने शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. "ही तर रोजचीच. आमच्या दुकानात बटणांच्या डब्यात असते. दिवसभर मशीनवर वाकून बसणाऱ्या माणसाला लागतेच, चहाबरोबर. आमचे वडीलही घ्यायचे. आता गुडघ्यांसाठी सकाळी दोन, संध्याकाळी दोन. ही कुठे औषध?"

पट्टीतल्या बऱ्याचशा जागा रिकाम्या होत्या. वहिनींनी हात पुढे केला आणि पट्टी उचलून स्वतःच्या पिशवीत टाकली, जणू आता लपवून काही उपयोग होणार होता.

"मास्तर, हे औषधच आहे," डॉक्टरीणबाई अगदी हळू म्हणाल्या. "रोज एवढ्या घेतल्या, वर पाणी कमी, वर घाम. किडनीला हेच सोसत नाही. आजपासून बंद करा, थोडं सुधारेलही. पण आता तुमची एक किडनी मी काढू शकत नाही. आता मला तुमच्याच जपायला हव्यात."

"मी परत पहिल्यापासून करतो," दादा म्हणाला. "गोळी बंद. दुखू दे. आणखी दहा किलो उतरवतो, पाहिजे तर."

"त्याचा उपयोग नाही."

"पंधरा," दादा म्हणाला.

कापडवाल्याशी घासाघीस करताना त्याचा आवाज असाच असतो. मी उठून बाहेर गेले. मला रडता आलं नाही, राग आला. कुणाचा, ते अजून ठरत नाही. गोळीचा? त्या डब्याचा? की माझ्यासमोर तहान मारून बसणाऱ्या त्या वेड्या माणसाचा?

दुसऱ्या दिवशी मॅडम घरी आल्या. त्यांना मी प्रथमच बसलेलं पाहिलं. दादाला म्हणाल्या, "मी रोज विचारायचे, मास्तर. रोज. दुखतं म्हणून का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं."

"हो, थांबवलं असतं."

"मग?" दादा म्हणाला.

मॅडम चहा न घेताच जिना उतरल्या.

आता माझं नाव यादीत आहे. कुणा अनोळखी माणसाची किडनी मिळेल तेव्हा मिळेल. यादी लांब आहे आणि माझ्या हातात चांगली अशी एकच शीर उरली आहे. बाजारात लोक दादाला अडवतात. "काय मास्तर, दहा वर्षांनी तरुण झालात. आम्हालाही सांगा की युक्ती." तो हसतो आणि "काही नाही, जरा चालतो," म्हणून पुढे जातो. राखाडी कापड दुकानात वरच्या फळीवर आहे. मी एकदा म्हटलं, "शिवून टाक की आता पँट." म्हणाला, "घाई काय आहे?"

दवाखान्यात तो अजून प्रत्येक वेळी माझ्याबरोबर येतो. गोळी बंद झाल्यापासून गुडघे परत बोलायला लागलेत. तिसऱ्या मजल्यापर्यंत आडवा होऊन चढतो, एक पाय, मग दुसरा. मला धाप लागते, त्याला कळ येते, आम्ही दोघं प्रत्येक मजल्यावर थांबतो. व्यायामाला तो जातोच, गुडघ्यांवर भार येणार नाही असा मॅडम करून घेतात. वहिनींनी शेजारणीकडची साखर परत आणली, तर हा तिला हात लावत नाही. वहिनी एकदा कळवळून म्हणाल्या, "अहो, आता कशासाठी?" तो बिनसाखरेचा चहा संपवून दुकानात निघून गेला.

कशासाठी ते परवा कळलं. मशीनला जोडण्याआधी माझं वजन करतात, अंगात किती पाणी साठलंय ते बघायला. मी काट्यावरून उतरले आणि नर्स सुया आणायला आत गेली. दादाने इकडेतिकडे पाहिलं, चपला काढल्या आणि काट्यावर चढला.

"बघ गं बारके, किती दाखवतोय?"

मी वाकून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं होतं तेवढंच, वर एक किलो कमी.

"तेवढंच आहे," मी म्हटलं.

"हां. तेवढंच ठेवलंय," तो म्हणाला. "उद्या त्यांनी बोलावलं तर वजनापायी अडायला नको."

त्याने चपला घातल्या, मला खुर्चीपर्यंत आणलं आणि माझी बाही नीट वर दुमडून दिली.