तो हात लटारूचाच

आमच्या घरी शिंगाडे असले की शिंगाडे, आणि ते संपले की झिंगे, तलावातली बारीक कोळंबी. भात असायचा तो दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करून आणलेल्या धानाचा, आणि तो होळीपर्यंत पुरला तर देव पावला म्हणायचं. माझी माय पारबता पहाटे तलावात उतरायची, ऐन थंडीतसुद्धा, कमरेइतक्या पाण्यात. तिच्या पायाच्या बोटांमधली कातडी कधी कोरडी झालेली मी पाहिली नाही. दुपारी डोक्यावर टोपली घेऊन ती ब्रह्मपुरीच्या बाजारात जायची. आम्हा धिवरांच्या, मासे धरणाऱ्यांच्या घरी हे काम बाप आणि माय दोघं मिळून करतात. आमच्याकडे बाप नव्हता.

मेला होता असंही नाही. माझा बाप लटारू फौजेत गेला तेव्हा मी, वच्छी, रांगत होते. बर्मातून फौज मागे आली, त्यात तो नव्हता. सरकारनं 'बेपत्ता' म्हणून कळवलं. आमच्या टोलीत, धिवरांच्या वस्तीत, कोणालाच त्या शब्दाचं काय करायचं ते उमजेना. मेलेल्याचं काय करायचं ते ठाऊक होतं, जित्याचंही ठाऊक होतं. बेपत्त्याचं काय करतात? म्हणून मायच्या हातातल्या बांगड्या हातात राहिल्या आणि कुंकू कपाळावर राहिलं.

अशा घराच्या अंगणात एका संध्याकाळी कवडूभाऊ आले ते डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर हिरवं लोखंडी खोकं घेऊन. कवडूभाऊ आमच्याच टोलीतले. बापासोबत भरती झालेले, त्याच्यासोबतच बिनतारी खात्यात बोटानं टिकटिक करून निरोप धाडायला शिकलेले. ते मात्र परत आले, एक पाय लंगडा घेऊन. लग्न केलं नव्हतं. ब्रह्मपुरीच्या धानगिरणीत इंजिनावर होते.

"ट्रंक आनली का गा भाऊ?" मायनं विचारलं.

"रेडू होय, वच्छीची माय. कामठीच्या छावनीतून. लिलावात निंगाला."

"गाने म्हंते?"

"नाई. हा फौजेचा हाय. हा ऐकते."

त्या दिवसापासून त्यांचा शौक सुरू झाला. त्यांच्या झोपडीवर दोन मोहाच्या झाडांमध्ये तार ताणलेली असे. बॅटरी गिरणीच्या इंजिनावर भरून आणायची आणि दिवेलागणीला सपरीत, पुढच्या पडवीत बसून दूरदूरच्या फौजांची स्टेशनं धरायची. एका स्टेशनावर गोरे शिपाई आपल्या शिपायांसाठी बाजा वाजवायचे आणि मधे मधे खिदळायचे. एकावर कोणी नुसते आकडे वाचायचा, सरकारी जमाबंदीसारखे. बाकी सगळी टिकटिक. गोल चकती बोटाच्या टोकानं कणभर हलवत ते म्हणायचे, "मासोळीवानी धरा लागते. घाई केली का गेली."

टोलीतली पोरं गाण्यांसाठी मागे लागत. भाऊ म्हणत, "गाने आपापल्या लगनात ऐका. इथी फौज बोलून राह्यली." मग पोरं ओरडत, "कवडूभाऊच्या रेडूचं पोट बिघडलं वं, कुरकुर करून राह्यलं!" चांद्याहून एकदा पोलीस आला. त्यानं परवाना पाहिला, खोकं उलटंपालटं केलं आणि दरडावलं, "फौजेचं ऐकते? इंग्रजी येते का रे तुले?" भाऊ म्हणाले, "फौजेले तरी कुठी येते साहेब? अर्धी इंग्रजी, अर्ध्या शिव्या." पोलीस हसला आणि चहा पिऊन गेला.

ते निरोप गुप्त अक्षरांत असत. त्यांचा अर्थ भाऊंना लागत नसे आणि लागावा असं त्यांना वाटतही नसे. मी विचारायची, "काय म्हंते भाऊ?"

"काय म्हंते ते त्याचं त्याले ठाऊक. कोन म्हंते ते मी ऐकतो."

मग ते मला दाखवायचे. हा हात म्हाताऱ्याचा, थांबून थांबून, पण चुकत नाही. हा नवा पोरगा, घाबरला आहे. "अन् हा आयक. याले झोप येऊन राह्यली." टिकटिक करणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो, चालीवरून माणूस ओळखावा तसा तो ओळखता येतो, असं त्यांचं म्हणणं. त्या टिकटिकीत त्यांना माणसं दिसत. मला वाटायचं, या एकट्या माणसाची सोबत ती एवढीच.

पण ते पुरतं खरं नव्हतं. आमच्या अंगणात लाकडं फोडून पडलेली असत. जाळं उसवलं की दुसऱ्या दिवशी विणलेलं असे. हे टोलीला दिसत होतं. आमच्या जातीत नवरा वर्षानुवर्षं परतला नाही तर बाईला पाट लावायची, म्हणजे दुसरं घर करायची मोकळीक असते. पंचांतले थोरले दाजीबा एक दिवस मायला म्हणाले, "पारबता, मानूस चांगला हाय. लटारूचा जोडीदारच होय. काय म्हंतेस?" माय खाली बघून म्हणाली, "तुमी मोठे हा. मी काय म्हनू?" आमच्याकडे याला होकारच म्हणतात. भाऊंनी झोपडी सारवून घेतली. ब्रह्मपुरीहून हिरवं लुगडं आणि नव्या बांगड्या आणून दिल्या. त्या दिवसांत ते रेडिओजवळ बसले तरी चकती फिरवायची विसरून जात. मला बाप मिळणार म्हणून मी मैत्रिणींत मिरवत होते.

पाट लागायच्या आदल्या संध्याकाळी पंच आमच्या अंगणात बसले होते. भाऊ लंगडत आले. डोक्यावरची टोपी हातात होती.

"या नवरदेव!" दाजीबा म्हणाले. "काऊन गा, तोंड काऊन उतरलं?"

"लटारू जिता हाय," भाऊ म्हणाले.

पंच एकदम पुढे सरकले.

"कुठी हाय? कोनं पाह्यला?"

"पाह्यला नाई. हात आयकला. आताच. बर्माच्या अंगानं आवाज येऊन राह्यला. तिथल्याच कोन्त्या फौजेत राहून गेला असंन."

"आयका बाप्पा! आमी हात पाह्यतो, हा हात आयकते!" एक पंच हसला.

भाऊंनी समजावून सांगितलं. लटारूच्या उजव्या हाताच्या बोटात लहानपणी शिंगाळ्या माशाचा काटा मोडला होता. ते बोट पुरतं वाकत नसे, म्हणून त्याची शेवटची लांब टिक यंत्राच्या कळेवरून उचलताना अंमळ रेंगाळायची. फौजेत शिकवणारा उस्ताद त्यासाठी त्याला मारायचा. ती रेंगाळणारी टिक भाऊंनी आत्ता ऐकली होती.

दाजीबा उठून त्यांच्याजवळ गेले. आवाज उतरवून, पण सगळ्यांना ऐकू येईल असं बोलले, "कवड्या, आयकलं नसतं तं काय बिघडलं असतं?"

"आयकलं ना पन, दाजीबा."

माय दारात उभी होती. तिनं एकच विचारलं. "पक्का?"

"तो हात लटारूचाच हाय."

ती आत गेली. लुगडं आणि बांगड्या घेऊन बाहेर आली आणि भाऊंच्या पायाजवळ ठेवल्या. "हे ठेवा भाऊ," म्हणाली, आणि चुलीजवळ जाऊन बसली. मी रडले. बाप जिवंत आहे म्हणून रडले, की मिळणारा बाप गेला म्हणून, ते मला तेव्हाही कळलं नाही.

पुढची वर्षं आमच्या घरात एक वेगळाच संसार चालला. भाऊ कामठीला जाऊन एका साहेबाला भेटून आले. साहेब म्हणाला, आवाजावरून माणूस शोधता येत नाही. मग राहिला फक्त रेडिओ. रोज दिवेलागणीनंतर भाऊ आमच्या अंगणात येत. उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाय टाकला नाही. म्हणत, "आज आला." किंवा, "आज नाई आला." ज्या दिवशी 'आला', त्या दिवशी माय विचारायची, "हात कसा हाय?"

"बरा हाय. जरा थकल्यावानी वाटला."

"पानी लागलं असंन तिकडचं," माय म्हणायची, आणि मगच जेवायची.

मलाही त्यांनी सपरीत बोलावून ऐकवलं. खरखरीच्या मागे, खूप दूर, टिक, टिक, आणि मग ती रेंगाळलेली एक. "हे आयक. तुहा बाप." मी बापाचं तोंड पाहिलं नव्हतं, फोटो नव्हता. मी त्याला तेवढंच ओळखते.

चौथीनंतर मायनं मला शाळेतून काढून तलावावर न्यायचं ठरवलं. टोलीत सगळ्यांचंच तसं होई. भाऊ अंगणात आले आणि प्रथमच मायवर आवाज चढवला. "लटारू उद्या आला तं काय सांगशीन त्याले? पोरगी झिंगे येचून राह्यली म्हनून? फौजेतला मानूस तो, इच्चारंन ना!" मायला दुसरं काही पटलं नसतं, हे पटलं. मी ब्रह्मपुरीच्या शाळेत जाऊ लागले, मॅट्रिक झाले, शिष्यवृत्तीवर नागपूरच्या कॉलेजात गेले. वर्गात शहरातल्या वकिलांच्या मुली माझ्या 'मले-तुले'ला हसायच्या. हसू देत. शिकवणाऱ्यांनी इंग्रजी कितीही भरभर वाचली तरी मला कळायची, कारण खिदळणाऱ्या गोऱ्या शिपायांचं बोलणं मी खरखरीतून वेचून काढायला शिकले होते. "कालेजवाली आली," भाऊ सुटीत म्हणायचे, "आता सांग हे गोरे काऊन हासून राह्यले." मी सांगायची. बहुतेक वेळा विनोद फालतू असे. ते तरी हसत.

बी.ए.च्या शेवटल्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात मी घरी होते. भाऊ वाळले होते, खोकत होते. त्या संध्याकाळी ते अंगणात आले आणि 'आला' की 'नाई' ते बोललेच नाहीत. खाटेवर बसले.

"आज दोन आले," म्हणाले.

माय थांबली. "दोन कोन?"

"एक इकडून बोलला. चकती हालवली, तं दुसरा तिकडून त्याले जवाब देऊन राह्यला. दोघाचा हात तोच. शेवटली टिक दोघाची रेंगाळते." ते बराच वेळ खोकले. "त्या फौजेत तसंच शिकवत असंन. साऱ्याइचाच हात तसा असंन. एक मानूस आपल्याशीच तं नाई बोलत."

म्हणजे तो लटारू नव्हता. कधीच नव्हता. मी हिशोब करू लागले, आणि मग संतापले. मायची सारी जवानी या अंगणात उभी राहून गेली होती. त्यांचीही. मी सरळच म्हटलं, "भाऊ, तेव्हा गप्प राह्यले असते तं आज तुमी दोघं..."

"गप्प राहनं जमलं असतं वं, वच्छे," ते म्हणाले. "पन मंग तुह्या मायच्या बाजूले बसून रोज रेडू कसा लावला असता?"

मी उठून त्यांना पाणी आणून दिलं.

मायनं चुलीतलं जळतं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "इतके दिवस मी तुमचं आयकलं भाऊ. आता माहं आयका. अंदर या. मरळ शिजवली हाय."

भाऊंनी उंबऱ्याकडे पाहिलं. लंगडा पाय आधी आत टाकला. माय वाढत होती, ते जेवत होते. निघताना ते एवढंच म्हणाले, "लुगडं मी ठेवलं हाय. कसर नाई लागली."

"वच्छीची परीक्षा होऊ द्या," माय म्हणाली. "मंग पाहू."

पावसाळ्यात भाऊंना ताप आला. आमच्याकडे जंगलपट्टीत तो दरवर्षी येतो आणि माणसं निवडून नेतो. मला निरोप पोचून मी नागपूरहून येईपर्यंत त्यांना वैनगंगेवर नेलं होतं. मी धावत घाटावर गेले. बाया परत निघाल्या होत्या. माय काठावरच्या दगडाशी बसली होती आणि तिचे दोन्ही हात रिकामे होते. दगडाजवळ काचेचे तुकडे पडले होते. कपाळ पुसलेलं होतं.

दाजीबाच्या सुनेनं तिला हळूच विचारलं, "लटारूभाऊच्या नावानं फोडल्या का वं, काकू?"

माय म्हणाली, "ज्याच्या होत्या, त्याच्या नावानं फुटल्या."

रेडिओ तिनं आमच्या घरी आणून ठेवला. बॅटरी भरून आणायला कोणी नव्हतं. दिवेलागणीला ती त्याच्यावरची धूळ पदरानं पुसते, आणि मग जेवते.

पुढल्या उन्हाळ्यात मी बी.ए. झाले. आमच्या टोलीतली पहिली.