सहा इंच वाळू

आमच्या थोरल्या साडूंइतका हट्टी माणूस खाडीच्या अल्याड-पल्याड कुठेही सापडायचा नाही. उभा जन्म न्हावा शेव्याच्या बंदरात लोकांचे कंटेनर कस्टममधून सोडवण्यात गेला. एक कागद कमी असला तरी माल जागचा हलू द्यायचा नाही, हा स्वभावच होऊन बसला. निवृत्त झाल्यावर तो सगळा हट्ट त्यांनी वाळूवर काढला. झालं असं, की त्यांचा मुलगा नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि जाताना खाऱ्या पाण्याची टाकी यांच्या घरी आणून ठेवली. टाकी हलवताना तळाची जुनी वाळू ढवळली, कुजक्या अंड्यांचा वास सुटला आणि सगळी फेकून द्यावी लागली. आत उरला बोटाएवढा पिवळा मासा. "बाबा, ह्याला सांभाळा," एवढं सांगून मुलगा विमानात बसला. ही जात वाळूत शिरून झोपते. वाळूच नाही म्हटल्यावर बिचारा दिवेलागणीला काचेवर तोंड आपटायचा. खाणंही सुटलं. दुकानदार म्हणाला, "काका, सहा इंच बारीक वाळू टाका पटकन. नायतर हा काय जगत नाय."

दुसरा कोणी तिथलंच पोतं उचलून आला असता. साडूंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, दाणे बोटांत चोळले आणि निकाल दिला, "जाड आहे. अंग सोलून निघेल त्याचं." त्या दिवसापासून खिशात व्हिनेगरची बाटली आली. शिंपल्या-पोवळ्यांची वाळू असेल तर व्हिनेगर टाकल्यावर फसफसते, आणि तीच या टाकीला चालते, असं त्यांनी वाचलं होतं. कोपरखैरण्याला आमच्या सोसायटीत डागडुजी चालली होती, तिथल्या ढिगासमोर ते भर उन्हात उकिडवे बसले. वॉचमनने मला फोन केला, "साहेब, तुमचे पाहुणे रेतीवर कायतरी पूजा करतायत." करावे गावात जाऊन खाडीकाठची वाळू दाखवायला एका म्हाताऱ्या कोळ्यालाही त्यांनी गाठलं. तो हसत सुटला. "काका, ह्यो खाडीचा चिखल हाय. ह्याच्यान तुमचा मासा झोपनार नाय, मरंल!"

त्यांच्या घरात चहाची गाळणी आणि पिठाची चाळणी जागेवर सापडेनाशी झाली. नमुने काचेच्या बरण्यांत भरून त्यांवर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या होत्या: 'लापशी', 'जाडा रवा', 'बारीक रवा'. दाण्याचं माप त्यांना तेवढंच कळायचं. एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि माझ्या बायकोने, बहिणीला मदत म्हणून, शिऱ्यासाठी 'बारीक रवा' तुपावर घेतला. दहा मिनिटं भाजला तरी रंग बदलेना, वास सुटेना. साडू धावत आले. आता माफी मागतील असं मला वाटलं. कसचं काय! कढईत डोकावून ते कळवळून ओरडले, "अगं, एवढी एकच पास झाली होती!"

दुसऱ्याच दिवशी वाशीच्या ज्या दुकानातून तो नमुना आणला होता, तिथून त्यांनी चार पोती आणली. बाल्कनीत बादल्या मांडून सगळी वाळू धुतली, टाकीत पसरली आणि मुलाच्या शाळेतल्या लाकडी पट्टीने चारही कोपरे मोजले. सहा इंच म्हणजे सहा इंच. संध्याकाळी आम्हीही जाऊन टाकीसमोर बसलो. मासा दोनदा फिरला आणि वाळूत तोंड खुपसून पापणी लवायच्या आत नाहीसा झाला. साडूंनी डोळे पुसले. मीही पुसले, उगाच कशाला लपवू?

आठवड्याने पुन्हा गेलो. साडू टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. आत नुसती पांढरीशुभ्र वाळू. मी विचारलं, "दिसला का आज?"

"सकाळी खाऊन गेला. आता दिसत नाही, म्हणजे बरा आहे."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मेहुणीबाईंनी विचारलं, "अहो, त्याचा फोन आला का?"

साडूंनी वाळूवरची नजर काढली नाही. एवढ्या हट्टी माणसाचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"नाही आला. म्हणजे बरा असेल."