बॉनेटमागचं 'बास'

या सदरात लोक विहिरीवरच्या बायका आणि आपोआप हलणाऱ्या पाळण्यांबद्दल लिहितात, आणि मी ते चहाबरोबर वाचून हसत आलोय. मी मेकॅनिक माणूस. गाडी हलते म्हणजे काहीतरी सैल आहे, आवाज येतो म्हणजे काहीतरी घासतंय — यापलीकडे माझा कशावर विश्वास नव्हता. ज्याचं कारण सापडलं नाही असा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला. पण तो सांगायचा तर आधी माझं एक खोटं सांगावं लागतं... म्हणून इतकी वर्षं गप्प होतो.

मी आणि अन्वर एकाच कारखान्यात होतो. उदारीकरणानंतर कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती पुढे केली, ती घेऊन आम्ही वारज्यात, हायवेच्या आतल्या अंगाला पत्र्याची शेड टाकली आणि भागीदारीत गॅरेज काढलं. अन्वर कसबा पेठेतला. बोलणं अस्सल तिथलं. गिऱ्हाईक म्हणायचं, गाडी थरथरते हो. हा म्हणायचा, "घाबरत असेल. आपणच चालवता ना?"

तेव्हा हिंजवडीला जाणाऱ्या तरुणांच्या गाड्या यायला लागल्या होत्या. तक्रार ठरलेली — सिग्नलला उभी राहिली की थरथरते, गिअरचा दांडा हातात नाचतो, क्लच सोडला की पुढून 'धप्' होतं. त्यांना वाटायचं ट्यूनिंग बिघडलं. बहुतेक वेळा माउंटिंग गेलेलं असायचं. म्हणजे इंजिन ज्या रबरी पायांवर बसवलेलं असतं, ते.

ते तपासायला दोन माणसं लागतात. बॉनेट उघडायचं. एकानं आत बसून ब्रेक घट्ट दाबायचा, पहिला गिअर टाकायचा आणि क्लच किंचित सोडायचा. गाडीला पुढे जायचं असतं, ब्रेक जाऊ देत नाही. रबर फाटलेलं असेल तर इंजिन एका बाजूनं उचललं जातं. दुसऱ्यानं ते बाहेरून बघायचं. मेख अशी, की उघड्या बॉनेटमुळे आत बसलेल्याला पुढचं काही दिसत नाही. अन्वरला हवं ते दिसलं की तो "बाऽस" म्हणायचा आणि बोटाच्या पेरानं बॉनेटवर टक्-टक् करायचा. मी लगेच क्लच दाबायचा. इतकाच आमचा करार.

एकदा एक सॉफ्टवेअरवाले गृहस्थ आले. शेजारी उभे राहून म्हणाले, मला तर काही उचललेलं दिसत नाही, उगाच बदलायला लावता तुम्ही लोक. हे मला लागलं. अन्वर गाडीसमोर होता, त्याच्या मागे लोखंडी टेबल. तो "बाऽस" म्हणाला. टक्-टक्ही केलं.

मी ऐकलं. पण त्या माणसाला दाखवायचंच होतं मला. ब्रेकवरचा पाय काढला आणि रेस दिली. हँडब्रेक धरेल असा हिशेब होता... तो धरला नाही. गाडीनं उडी मारली आणि अन्वरचा गुडघा बंपर आणि टेबलाच्या मध्ये सापडला.

गाडी मागे घेऊन धावलो तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं — "अरे, बास का नाही म्हणालास?"

तो जमिनीवर होता. वेदनेतही त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं.

"म्हणालो ना मी?"

"नाही."

कॉम्प्रेसर चालू होता, त्या गृहस्थांची नजर इंजिनावर; त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. माझाच शब्द खरा धरला गेला.

आणि अन्वरनं तो मानला. ऑपरेशननंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतःच सांगायचा, चूक माझी, बास म्हणायचं राहिलं. शमीम वहिनी घरी त्याला बोलायच्या, एक शब्द तोंडातून निघाला नाही तुमच्या! पाय अधू झाला तो झालाच, पण तो पुन्हा कधी गाडीसमोर उभा राहिला नाही. मीच एकदा उभा राहा म्हटलं तर म्हणाला, "नको रे, माझ्या तोंडाचा भरवसा नाही. कुणाचा तरी जीव जायचा." मग स्टुलावर बसून कार्ब्युरेटर साफ करायचा. काही वर्षांनी हार्ट अटॅकनं गेला. मी खांदा दिला. तेव्हाही काही बोललो नाही.

तो गेल्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गुरुवार, म्हणजे दुपारी वीज नाही. कॉम्प्रेसर बंद, शेडमध्ये शुकशुकाट. अकोल्याकडची एक मुलगी, आयटीतलीच, जुनी छोटी गाडी घेऊन आली. लक्षणं माउंटिंगचीच. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिला मडगार्डच्या बाजूला उभं केलं, इंजिन किती उचलतंय ते बघ म्हटलं, आणि आत बसलो.

ब्रेक दाबला, गिअर टाकला, क्लच सोडायला लागलो. इंजिन कण्हलं. अजून जरासा सोडावा म्हणून पाय हलवणार, तोच —

"बाऽस."

बॉनेटच्या पलीकडून. आणि टक्-टक्. ते मला नुसतं ऐकू आलं नाही, स्टिअरिंगमधून हाताला जाणवलं.

मी क्लच दाबला, चावी फिरवली, दार उघडून बाहेर आलो. ती मुलगी बाजूला नव्हती. नीट दिसेना म्हणून ती गाडीसमोर आली होती, बंपर आणि भिंतीच्या मध्ये, वाकून, दोन्ही हात पुढे टेकवून. तिला ओढूनच बाहेर काढलं. परत आत बसून ब्रेक दाबला, तर पेडल पायाखाली हळूहळू खाली जात होतं. ब्रेकचा सील गेला होता. हँडब्रेकची केबल सैल. क्लच अजून बोटभर सोडला असता तर...

म्हटलं, बरं झालं तू बास म्हणालीस.

"मी काहीच नाही म्हटलं, काका," ती म्हणाली. "पण तुम्ही आत बसून बॉनेटवर कसं वाजवलं?"

शब्द तिला ऐकू आला नव्हता. टक्-टक् ऐकू आलं होतं.

माउंटिंग मीच बदललं. खाली फळी ठेवून जॅकनं इंजिन उचललं, जुनं रबर दोन तुकडे होऊन हातात आलं. नव्याचे बोल्ट आवळले. नंतर ते बॉनेट मी कितीदा तपासलं — दांडी सैल आहे का, पत्रा उन्हानं वाजतो का. काही सापडलं नाही.

त्यानंतरही मी गप्पच राहिलो, हे लिहायला लाज वाटते. आता शेडच्या जागी इमारत आहे. वहिनी मुलीकडे विश्रांतवाडीला असतात. गेल्या महिन्यात जाऊन त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं दाराबाहेर काढतील. त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"ते झोपेत म्हणायचे, भाऊजी. बास, बास. आणि पलंगाच्या फळीवर असं बोटानं वाजवायचे." त्यांनी खुर्चीच्या हातावर वाजवून दाखवलं. टक्-टक्. "मला वाटायचं, तेव्हा विसरले म्हणून आता म्हणताहेत. मी त्यांना हलवून गप्प करायची."

मग म्हणाल्या, "त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं चूक त्यांची म्हणून. आता आपण सगळ्यांना सांगा."

म्हणून हे लिहिलं. तर्कानं विचार करणाऱ्या वाचकांनी त्या दुपारच्या 'बास'चा काही उलगडा केला तर मला हवाच आहे. माझ्याकडे तो नाही. अन्वरच्या 'बास'ला मात्र कसलाही उलगडा लागत नाही. तो म्हणाला होता. मी ऐकलं होतं.