स्क्रीनला न लागलेली बोटं

निपाणीच्या स्टँडवर उतरलं की तंबाखूचा वास आजही आधी नाकात आणि मग घशात शिरतो, आणि मला तो टचस्क्रीनचा लॅपटॉप आठवतो. बेळगावात नोकरी लागल्यावर मी तो हौसेनं घेतला, पण स्क्रीनला बोट लावून नेमकं करायचं काय, हे महिनाभर मलाच कळत नव्हतं. मग एक उपयोग सापडला. वडील गेल्यावर त्यांचा एकच फोटो उरला होता, कुणाच्या तरी लग्नातला, मागच्या रांगेतला. तो लॅपटॉपवर घेऊन मी घरी गेलो. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. "दोन बोटं ठेव आन् लांब कर, आप्पांचं तोंड मोठं दिसतंय बघ," मी म्हटलं. तिनं पदराला हात पुसून बोटं ठेवली. काहीच हललं नाही. वर्षानुवर्षं पानं दुमडून तिची बोटं सुपारीसारखी टणक झाली होती. तिनं जोर लावला, तसा मी खेकसलो, "अगं, काच फुटंल," आणि रुमालानं तंबाखूची भुकटी पुसून झाकण लावलं. आपणच फोटो मोठा करून दाखवावा, हे सुचलंसुद्धा नाही. ती एवढंच म्हणाली, "रेशनच्या मशीनलाबी माझा अंगठा लागत न्हाय रं," आणि पुन्हा विड्या वळू लागली. आता आई नाही. ऑफिसात मी रोज त्याच स्क्रीनवर बोटानं सह्या करतो. माझं बोट लगेच लागतं, कारण तिनं मला कधी सुपाला हात लावू दिला नव्हता.